अडीचला कमी

एकोणऐंशी म्हणतो, एकोणनव्वद म्हणतो, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत न्हाईत? — सांगा की साहेब. तुमी परभणीहून आलाव, कॉम्प्युटरचा कोर्स करून आलाव, तुमाला तर ठावं असंल. — न्हाई? — जाऊ द्या, कुणालाच ठावं न्हाई. तिसरीत गुरुजीला इचारलं तर गुरुजीनं छडी दिली, मी पाटी दिली. म्हंजी पाटी त्यांच्या टेबलावर ठिवली आन घरी आलो, ते आलोच. लोकाची शाळा गरिबीपायी सुटती, माझी नव्व्याण्णवपायी सुटली. दादाला इचारलं — सूर्यभानला, माझ्या थोरल्याला, ह्याच खुर्चीत बसायचा तो — न्हाई न्हाई, उठू नका, बसा, खुर्ची संस्थेची हाय — तर दादा नुसता हसला आन म्हणला, चंद्या, मशीनला का-बिका लागत न्हाई, मशीनला फकस्त काय ते सांगायचं. आता त्यालाबी इचारायची सोय ऱ्हायली न्हाई. सव्वा महिना झाला.

ती फ्लॉपी जरा टेबलावर ठिवा. पळून जायची न्हाई ती. वरच्या ऑफिसातला नवा प्रोग्रॅम हाय ना तिच्यात? आन दादाचा पुसायचा. पुसा की, मी कोण अडवणारा, मी झोळीवाला. लेकरू झोळीत घालायचं, झोळी काट्याला अडकवायची, आकडा वरडून सांगायचा, एवढीच माझी नोकरी. पण पुसायच्या आधी काय पुसायलाव ते तरी ऐका. तुमची एसटी पाचला हाय, आता कुठं तीन वाजायलेत, आन किल्ली माझ्याजवळ हाय. — धमकी न्हाई हो! किल्ली माझ्याजवळच असती, दादानंच दिलती, त्याच्या हातून तीनदा हरवली म्हणून.

तर बगा. संस्थेचा दवाखाना, जिंतूर तालुक्यातल्या बाया लेकरं घेऊन येत्यात, वजन होतं, दरेकीला एक कार्ड मिळतं — लेकराचं नाव, मायचं नाव, वजन. आधी सिस्टर हातानं लिहायच्या. मग कॉम्प्युटर आला, पुण्याहून मशीनच्या पोटात बसवायचं मराठी अक्षराचं कार्ड आलं, आन पयल्या दिवशी दादानं प्रिंटर चालू केला — टर्र टर्र टर्र — समदी रांग भिंतीला चिकटली. पयलं लेकरू धुरपताबाईच्या सुनेचं. मी वरडलो, दोन पंच्याहत्तर! दादानं टायपलं दोन, टिंब, पंच्याहत्तर. कार्डावर काय आलं? — दोन, टिंब, सात, पाच, आन म्होरं चार शून्य. मशीनची खोड, म्हणला दादा, त्याला सांगितलं न्हाई तर ते सहा घरं भरतंच, आदत हाय त्याची. आता ते धुरपताबाईला कोण सांगणार? म्हातारीला वाचता येत न्हाई, तिनं कार्ड रांगेतल्या सातवीच्या पोराफुडं धरलं. पोरगं हुशार. टिंबाला माशीची घाण समजलं आन नखानं खरडून वाचलं — सत्तावीस लाख पन्नास हजार! म्हातारीनं पदर खोचला आन इथं ह्या दारात येऊन उभी. म्हणली, सूर्यभान, बाळा, एवढं सरकारनं लिहून दिलंच हाय तर राहू दे, पण लेकराला दिष्ट लागंल, थोडं कमी कर.

हसा हसा. दादाबी असाच हसायचा, खुर्ची हालायची.

मग त्यानं शून्य कापली. मला दाखवलं इथं पडद्यावर — हे बग चंद्या, आत पोटात आकडा जसा हाय तसाच ऱ्हातो, त्याला हात लावायचा न्हाई. बाहेर निघताना त्याला कपडे चढवायचे. किती घरं, टिंब कुठं, शून्य किती, समदं कपडे. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत न्हाई. — मला पटलं. मी काय, दादानं सांगितलं तर मला जेवायच्या आधीचा ढेकरबी पटायचा. पण बायांना कुठं पटतंय? टिंबाचं त्यांना कळंनाच. एकीच्या कार्डावर आलं दोन टिंब पाच, तिच्या शेजारणीच्या कार्डावर दोन टिंब पंचेचाळीस. झालं! पंचेचाळीस मोठं का पाच मोठं? सांगा, बाजारात पंचेचाळीस लिंबं घ्याल का पाच? पाचवालीची सासू तिथंच सुनेवर घसरली — तुझ्या अंगावर दूधच न्हाई, मी आधीच म्हणत हुते, तिच्या लेकराला पंचेचाळीस आन माझ्या नातवाला पाच! सून रडायली, लेकरू रडायलं, सुमनबाई सिस्टर सांगायल्यात अहो पाच म्हंजी पन्नास, तर सासू म्हणती हां, आता वशिल्यानं वाढवा!

त्या दिवशी दादा जेवला न्हाई. मायनं इचारलं काय झालं, तर म्हणला, माय, अडीच किलोच्या लेकराला तू काय म्हणशील? माय म्हणली, अडीच किलो म्हणन, आणखी काय? — आन दोन पंच्याहत्तर? — ते काय असतं? पावणेतीन म्हण की! — दादानं तिच्या पायाला हात लावला. खरंच लावला. माय घाबरली, तिला वाटलं ह्याची कुठंतरी बदली झाली.

तर तो प्रोग्रॅम हा. हाच, जो तुमी पुसायलाव. आकडा टाकला की कार्डावर अक्षरं येणार — सव्वादोन किलो, अडीच किलो, पावणेतीन किलो. आपल्या मायच्या तोंडातलं बोलणं, साहेब, मशीनच्या तोंडात. तुमच्या फ्लॉपीत हाय का पावणेतीन? — न्हाई ना? — मला ठावंच हुतं. पयल्या दिवशी धुरपताबाईच्या गल्लीतल्या सरजाबाईला कार्ड दिलं, पोरानं वाचलं पावणेतीन, तर तिनं कार्ड कपाळाला लावलं आन म्हणली, आता मशीन माणसात आलं.

मग त्याच्यातबी तमाशे झाले, त्याला दादा काय करणार? पाव, अर्धा, पाऊण — तीनच थांबे ना. मधल्या लेकराला जवळच्या थांब्यावर उतरवायचं. सरजाबाईचा नातू दोन किलो सहाशे तीस, तो पावणेतीनला उतरला. धुरपताबाईची नात, धाकल्या सुनेची, नवी झालेली, दोन किलो सहाशे दहा — ती अडीचलाच राहिली. वीस गिरॅमचा फरक, दोन सुपाऱ्या! पण गल्लीत काय झालं — सरजाबाईचा पावणेतीन आन धुरपताबाईची अडीच. म्हातारी रोज यायली. पाजून आणायची, झबलं घालून आणायची, कंबरंला चांदीचा करदोटा बांधून आणायची. मी म्हणायचो, आज्जे, लेकरू उघडं पायजे. ती म्हणायची, तूबी उघडा हो, मग करते. एक दिवस लेकरू झोळीत घातलं, आकडा चढला, दोन किलो सातशे साठ! मी वरडलो. म्हातारी नाचायची बाकी ऱ्हायली. आन मी झोळी उचलली तर खालून खण्णकन अडकित्ता पडला. समदी रांग बघायली. म्हातारी म्हणली, तिला खेळायला दिलता. — बारा दिवसाच्या लेकराला, साहेब! अडकित्ता!

दादानं काय करावं? त्यानं ते कार्ड फाडलं न्हाई. मागच्या अंगाला पेनानं लिहिलं, अडकित्त्यासहित, आन सही केली. म्हातारीनं ते कार्ड देवळीत लावलंय. वाचणारा कोण हाय तिच्या घरी?

— काय म्हणलाव? — किती शिकला? — हां, शिकला होता ना, औरंगाबादला. बी.एस्सी. पण कागद आणला न्हाई अजून डिग्रीचा. म्हणायचा, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागू दे, मग त्या नावाचा कागद आणतो, तवर माझं अडत न्हाई. मोर्च्यात काठ्या खाल्ल्यात त्यानं, आठ दिवस आत बसून आलाय. मी एकदा त्याला बरोबर कोंडीत पकडला. म्हणलं, दादा, तूच म्हणतोस आत आकडा तसाच ऱ्हातो, बाहेरचे नुसते कपडे. मग विद्यापीठबी आत तेच ना? त्याच भिंती, तेच मास्तर. बाहेरच्या नावासाठी पाठ कशाला फोडून घेतलीस? — त्यानं बिडी पेटवली. मला वाटलं जिंकलो. दोन बिड्या ओढून झाल्यावर म्हणला, चंद्या, आकड्याला कुणी हाक मारत न्हाई. — एवढंच. लय कमी बोलायचा, पण बोलला की माणसाला आठ दिवस पुरायचं.

तुमी घड्याळ बघायलाव. चहा मागवतो. — नको? — बरं.

तर पुसायचं कारण काय म्हणत्यात वरचे? चूक निघाली म्हणून. हो, निघाली. मी कुठं न्हाई म्हणतो? पण कोणती चूक, कुणाची, ते त्यांच्या कागदात खरं न्हाई. ऐका. डॉक्टरीनबाईंचा नियम असा — अडीचच्या खालचं लेकरू नाजूक. त्याच्या कार्डावर लाल शिक्का. लाल शिक्क्यावालीनं दर आठ दिवसाला यायचं, बाकीच्यांनी महिन्यानं आलं तरी चालतंय. शिक्का मारायचं काम सुमनबाईंचं. बाई कार्ड बघायच्या, अडीच दिसलं की सोडून द्यायच्या, सव्वादोन दिसलं की शिक्का ठोकायच्या. आता इचार करा. दोन किलो तीनशे ऐंशीचं लेकरू. जवळचा थांबा कोणता? — बरोबर. अडीच. कार्डावर छापून आलं अडीच किलो. बाईंनी सोडलं. मायलेकरू खुशीत घरी. खरं वजन नियमात नाजूक, आन कपडे धडधाकट.

महिन्याच्या शेवटी दादानं वरच्या ऑफिसासाठी आकड्यांची यादी काढली. साधी, टिंबवाली. यादी बघता बघता त्याचा हात थांबला. मी तिकडं झोळी धूत हुतो, मला म्हणला, चंद्या, इकडं ये, आन आवाज असा की मला वाटलं शॉक बसला. सात लेकरं. सात लेकरं अडीचच्या खाली आन सातही कार्डांवर अडीच. सुमनबाई रडायल्या, दादा म्हणला बाई, तुमची न्हाई, माझी चूक हाय. सहा जणी इथल्याच, आसपासच्या, त्याच दिवशी निरोप धाडून बोलावल्या, समदी लेकरं चांगली. सातवी सत्यशीला. देवगाव फाट्याच्या अलीकडच्या वाडीतली. महिनाभर आलीच न्हवती. कशाला येईल? तिच्या कार्डावर अडीच हाय ना.

— काय म्हणलाव? — पाव-पावचंच का ठिवलं? समदं अक्षरात का न्हाई काढलं, दोन किलो तीनशे ऐंशी?

तेच ठरवलं होतं. — दादानं तेच ठरवलं होतं. पण आपल्या मराठीचं तुमाला ठावं हाय, वीस-एकवीस कळलं म्हणून त्रेपन्न कळत न्हाई, दरेक आकड्याला निराळं नाव. मशीनला एकेक सांगावं लागतंय, एकपासून नव्व्याण्णवपर्यंत. तो टायपायचा, मी बाजूला बसून म्हणायचो. तिसरी नापास असलो तरी पाढे, उजळणी, पावकी-निमकी समदं पाठ हाय माझं, मायच्या बापानं करून घेतलंय. आमचं अठ्ठेचाळीसपर्यंत झालतं. आन त्या दिवशी गावात कुस्त्या. राणीसावरगावचा पयलवान येणार हुता, मी आठ दिवस आधीपासून सांगायलोतो. दादा म्हणला आणखी अर्धा तास बस, साठ तरी होऊ दे. मी म्हणलं... मी उठलोच. दारातून म्हणलं, अरे मधले आकडे कुणाच्या बापाला कळत्यात? पाव, अर्धा, पाऊण ठिव आन मोकळा हो. गाव तेवढ्यावरच चालतंय. — आन पळालो. तो मागून म्हणला, चंद्या, तुला इंजिनेर करायला पायजे हुतं. हसून म्हणला. मी परत आलो तर त्यानं तसंच करून ठिवलं होतं. माझं ऐकून. एवढा शिकलेला माणूस, तिसरी नापासाचं ऐकून.

हे मी वर सांगितलं न्हाई. चौकशी झाली, मी म्हणलं मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, मी झोळीवाला. कागदावर चूक सूर्यभानची लिहिली. मी अंगठा दिला. — सही येती मला, पण अंगठा दिला.

आन कुस्ती बरोबरीत सुटली. तेबी सांगून ठिवतो.

नका, नका असं बघू. दादानं कधी एका शब्दानं म्हणलं न्हाई. तीच गोष्ट खाती मला. शिवी तर द्यायची हुती. यादी हातात घेऊन बसला, मी सामनेच उभा, मला म्हणला काटा कुठाय, झोळी वाळली का? वाडीला जाऊन येतो. दुपारचं ऊन, मी म्हणलं निरोप धाडू, कोण ना कोण एसटीनं जाईलच. तर म्हणला, निरोप्याच्या हातानं वजन होतं का?

पोचला तो वाडीला. सत्यशीलाच आली होती नंतर, आमच्या घरी, दादा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला, लेकरू कडेवर घेऊन. तिनं सांगितलं समदं. म्हणली, भाऊ आले, घामानं निथळत, बसायच्या आधी म्हणले लेकरू आणा. तिच्या घराच्या आढ्याला काटा बांधून झोळी अडकवली. लेकरू सव्वातीन किलो! बैलागत वरडत होतं, झोळीत मुतलं. तर दादा जमिनीवर बसून हसायला लागला. तिला वाटलं उन्हानं डोकं फिरलं ह्यांचं. भाकर खाल्ली, ठेचा मागून घेतला, चहा प्याला, चहा पिता पिता खिशातल्या कागदावर कायतरी लिहीत बसला. तिची सासू म्हणली, हिशोब चुकला का काय? दादा म्हणला, चुकला हुता मावशी, सापडला. आन निघाला. फाट्यापाशी ट्रक. — बस. त्याच्यापुढं मला कायबी ठावं न्हाई, आन ज्यांना ठावं हाय ते सांगत न्हाईत.

पोलिसांनी दिलं ते — घड्याळ, पेन, हा कागद. मायला दाखवला न्हाई मी. अर्धं विंग्रजी हाय, अर्धं मराठी, दादाचं घाईचं अक्षर मला लागत न्हाई. एकदा वाटलं सुमनबाईंना वाचायला द्यावा. मग वाटलं त्याच्यात माझं नाव असंल. चंद्याच्या नादी लागून असं झालं, असं कायतरी. सव्वा महिना खिशात हाय. घामानं अक्षरं फुटायलीत. — धरा. तुमी परके हाव, तुमीच वाचा. काय असंल ते सांगा, मी इथंच उभा हाय.

— काय? — परत वाचा.

— अडीचच्या खाली असंल तर... अडीच छापायचं न्हाई... 'अडीचला कमी' छापायचं... आन म्होरं पुरे गिरॅम. — आन माझं नाव? — नीट बघा की. — खाली काय हाय ते, कोपऱ्यात? — 'एकोणपन्नास ते नव्व्याण्णव, चंद्याकडून.' — एवढंच? — काम लिहून ठिवलंय त्यानं. मला काम लावून ठिवलंय.

— का हो साहेब, फ्लॉपी का ठिवली बॅगेत? — वरचे रागावतील तुमच्यावर. — नवा आठ दिवसांनी टाकतो म्हणता? आठ दिवस लय झाले, मी इथंच झोपतो, तुमी टायपा, मी म्हणतो. पाचची जाऊ द्या, सातची जिंतूर-परभणी असती, न्हाईतर मुक्काम करा, माय भाकर टाकील. घ्या, एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न. — हळू? — बरं, हळू. बावन्न. त्रेपन्न. — थांबा, आधी दादाच्या कागदातल्या त्या तीन ओळी टाका. त्या आधी. आता ह्या क्षणी एखादी कार्ड घेऊन आली तर?

झालं? टाका बरं दोन किलो तीनशे ऐंशी. — टर्र टर्र. — आणा इकडं. एवढं मला वाचता येतं.

— न्हाई, रडायलो न्हाई. — इचारा, काय इचारायचं ते. — जाताना? जाताना काय बोलणार तो? संस्थेची जुनी फटफटी, किका मारून मारून पाय दुखला त्याचा, सुरूच होईना. मी म्हणलं, बग, तिलाबी जायचं न्हाई, उद्या जा. तो वर बसला, काटा माझ्या हातातून घेऊन गळ्यात अडकवला आन म्हणला, ढकल. मी म्हणलं न्हाई ढकलत. म्हणला, चंद्या, ढकल रे, तिकडं लेकरू हाय. मग मी चप्पल काढली, मागनं दोन्ही हात लावले, आन दवाखान्याच्या फाटकापासून पार एसटी स्टँडपर्यंत पळत ढकलली — तवा कुठं ती सुरू झाली.